पाव फुगतो कशाने? बेकरीवाल्यांसाठी गव्हाची ओळख

आकुर्डी, चिंचवड, पिंपरीच्या कारखान्यांत सकाळची पाळी सुरू होण्याआधीच पावाच्या लाद्या टपऱ्यांवर पोचलेल्या असतात. रात्रभर भट्टीवर उभ्या राहणाऱ्या कारागिराला एक अनुभव नेहमीचा आहे. यीस्ट तेच, मीठ तेच, हात तोच. तरी एका पोत्याचा पाव फुलतो आणि दुसऱ्याचा बसतो. नुकसान मात्र मालकाचे आणि बोल कारागिराला! पुष्कळदा याचे मूळ गव्हाच्या वाणात असते.

खपली आणि बन्सी गव्हात २८ गुणसूत्रे असतात, तर पावाच्या गव्हात ४२. हजारो वर्षांपूर्वी पश्चिम आशियात लागवडीच्या गव्हाचा एका रानगवताशी आपोआप संकर झाला आणि हा गहू जन्मला. कणकेला हवा धरून ठेवणारा ताण बऱ्याच अंशी त्या गवताकडून आलेला आहे. म्हणून बन्सीचा रवा उत्तम होतो, पण पाव तसा फुगत नाही.

आता उत्पन्नाकडे पाहू. ते तीन गोष्टींवर ठरते: ओंब्या धरणारे फुटवे, ओंबीतील दाणे आणि दाण्याचे वजन. भांडवल तेवढेच राहून वाटेकरी वाढावेत तसे येथे होते. दाण्यांची संख्या वाढली की दाणा बहुधा हलका पडतो. उत्पन्न वाढले की प्रथिनांचे प्रमाणही बहुधा उतरते, आणि त्याचा फटका भट्टीला बसतो. आपल्याकडे थंडी थोडी. दाणा भरताना ऊन वाढले तर तो सुरकुततो.

हे सारे गुण एका वाणात आणायचे तर निरनिराळ्या घराण्यांचे गहू हाताशी हवेत. जपानच्या बुटक्या ‘नोरिन १०’ गव्हाचा गुण डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत आपल्या वाणांत उतरवला. भारताने १९६६ साली तेथून सुमारे १८ हजार टन बियाणे आणले. त्याच घराण्यातला ‘कल्याणसोना’ देशभर पसरला, पण १९७० नंतरच्या वर्षांत तांबेऱ्याने त्याला गाठले. सगळी उधारी एकाच गिऱ्हाइकाकडे अडकवावी, तशी ही गोष्ट झाली.

हे काम आपल्या जवळही चालते. निफाडला गहू संशोधन केंद्र आहे, महाबळेश्वरला तांबेऱ्याचा अभ्यास होतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एमएसीएस ६४७८’ हा पावाच्या गव्हाचा वाण सुमारे ११० दिवसांत तयार होतो. सातारा जिल्ह्यातील करंजखोप येथे त्याने हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल उतारा दिल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. तेथे आधी तो २५ ते ३० क्विंटल होता. प्रथिने सुमारे १४ टक्के असून पानावरील व खोडावरील तांबेऱ्याला तो दाद देत नाही.

व्यापारी बांधवांनी गहू घेताना भावाबरोबर वाणही विचारावा. बेकरीवाल्यांनी नव्या पोत्यातला २५ ग्रॅम मैदा मळून, थोडा वेळ ठेवून, तो गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली चोळावा. पिठूळ पाणी निघून गेले की हातात रबरासारखा चिवट भाग उरतो. चांगल्या पोत्याच्या मैद्याशी त्याची तुलना करावी. तो कमी भरला किंवा लगेच तुटला, तर तो मैदा बिस्किटाला ठेवावा, पावाला नको. थोड्या वेळाची ही तपासणी रात्रभराची मेहनत वाचवील, इन्शाअल्लाह.