कमांड लाइनच्या वाटेने (भाग ७) : दोन फोल्डर खरेच जुळतात का?

गेल्या आठवड्यात आपण आरसिंकने फोटोंचा बॅकअप घेतला. आता तो नीट उतरला आहे का, हे पाहू. दोन्हीकडे फाइलींची संख्या आणि एकूण आकार सारखा दिसला, तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. आतून खराब झालेल्या फाइलीचा आकार तोच राहू शकतो.

अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली आणलेला आरसिंक कॉपी करण्यापूर्वी दोन्ही बाजू ताडून पाहतो. एरवी तो फाइलीचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ एवढेच बघतो. पेन ड्राइव्हवरच्या फॅट पद्धतीत ही वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदवली जाते, म्हणून काही वेळा न बदललेली फाइलही वेगळी ठरते. खात्री हवी असेल तर आतला मजकूरच तपासायला हवा.

त्यासाठी आरसिंकपुढे डॅश आणि आर, सी, एन, आय ही अक्षरे जोडून लिहा. ‘आर’मुळे तो उपफोल्डरांत तळापर्यंत उतरतो. ‘सी’मुळे दोन्हीकडची फाइल पूर्ण वाचून चेकसम ताडतो; याला वेळ लागतो. ‘आय’ प्रत्येक फरकाची एक ओळ छापतो. ‘एन’मुळे सगळे फक्त दाखवले जाते, कशालाच हात लागत नाही. पुढे डबल डॅश आणि ‘डिलीट’ जोडले की बॅकअपमधल्या जास्तीच्या फाइलीही यादीत येतात. ओळीत अधिकची नऊ चिन्हे दिसली तर ती फाइल बॅकअपमध्ये नाही. ‘डिलीटिंग’ दिसले तर ती मूळ जागी नाही.

मोठ्या ड्राइव्हची यादी हजारो ओळींची होते. मग फॉर लूप लावा : वरच्या पातळीवरच्या प्रत्येक फोल्डरसाठी हीच कमांड चालवायची आणि निकाल वेगळ्या फाइलीत ठेवायचा. लूपमध्ये तारांकन आणि त्यापुढे स्लॅश लिहिला की फक्त फोल्डर निवडले जातात आणि नावाच्या शेवटी स्लॅशही येतो. तो मोलाचा आहे. तो नसेल तर आरसिंक बॅकअपच्या आत त्याच नावाचा आणखी एक फोल्डर शोधतो आणि सगळेच नवीन दाखवतो. ‘दिवाळी फोटो’सारख्या, मध्ये जागा असलेल्या नावांसाठी व्हेरिएबल दुहेरी अवतरणात घाला.

लूपची मर्यादाही ध्यानात ठेवा. तो मूळ बाजूचीच नावे घेतो. फक्त बॅकअपमध्ये उरलेला फोल्डर, वरच्या पातळीवरच्या सुट्या फाइली आणि टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर त्याच्या नजरेतून सुटतात. म्हणून शेवटी दोन्हीकडच्या वरच्या पातळीची यादी एकदा स्वतः ताडून पाहा.

आणि एंटर दाबण्यापूर्वी ‘एन’ आहे ना, हे दरवेळी तपासा. तो विसरला आणि ‘डिलीट’ राहिले, तर तपासणी होणार नाही. बॅकअपमधल्या फाइली खरोखर पुसल्या जातील.