पुरस्काराची बातमी आणि लेखकाला विचारायचा प्रश्न

मुलांनो, जून महिना म्हणजे जबल अलीत काय? बाहेर कडक ऊन, आणि घरात भारतात जायची तयारी! गेली काही वर्षं साधारण याच दिवसांत दिल्लीहून एक बातमी येते : साहित्य अकादमीचे बाल साहित्य पुरस्कार जाहीर झाले. ही बातमी तुमच्या खूप उपयोगाची आहे. कशी, ते आज पाहू.

पुरस्कार कसा ठरतो?

साहित्य अकादमी ही भारताची राष्ट्रीय साहित्य संस्था आहे. २०१० पासून ती मुलांच्या पुस्तकांसाठी वेगळा पुरस्कार देते. हा पुरस्कार २४ भाषांसाठी असतो आणि मराठी त्यांतली एक. प्रत्येक भाषेसाठी तीन परीक्षक असतात. मागच्या पाच वर्षांत छापलेल्या पुस्तकांतून ते एक निवडतात. तिघांचं एकमत झालं तर उत्तम, नाहीतर दोघांचं मत चालतं. लेखकाला ५०,००० रुपये आणि एक ताम्रपट मिळतो.

पहिल्या दहा वर्षांत आणखी एक सोय होती. एका पुस्तकाऐवजी लेखकाच्या सगळ्या कामासाठीही पुरस्कार देता येत असे. २०१४ मध्ये माधुरी पुरंदरे यांना तो तसाच मिळाला.

मराठीतली काही नावं पाहा :

- २०१० : अनिल अवचट, ‘सृष्टीत... गोष्टीत’
- २०११ : दिलीप प्रभावळकर, ‘बोक्या सातबंडे’
- २०२२ : संगीता बर्वे, ‘पियूची वही’
- २०२३ : एकनाथ आव्हाड, ‘छंद देई आनंद’
- २०२४ : भारत सासणे, ‘समशेर आणि भूतबंगला’
- २०२५ : सुरेश सावंत, ‘आभाळमाया’

यांतलं एक नाव तुमच्या घरात सगळ्यांना माहीत असेल. ‘लगे रहो मुन्नाभाई’ सिनेमात गांधीजी झालेले नट म्हणजेच दिलीप प्रभावळकर!

बातमी वाचून काय करायचं?

बातमीतून तीन गोष्टी वहीत लिहा : पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, प्रकाशकाचं नाव. ही चिठ्ठी आजीला किंवा मामाला पाठवा. सुट्टीत पुण्याला, नागपूरला, कोल्हापूरला, जिथे जाल तिथे पुस्तक तयार असेल. महाबळेश्वरच्या बाजूला जाणार असाल, तर पाचगणीजवळच्या भिलारला जरूर थांबा. हे ‘पुस्तकांचं गाव’ ४ मे २०१७ ला सुरू झालं. तिथे लोकांच्या घरांतच पुस्तकं मांडली आहेत. कोणीही आत जाऊन वाचत बसावं.

कवितांचं पुस्तक निवडलंत, तर रोज एकच कविता मोठ्याने वाचा. ‘सगळं पुस्तक संपवायचं’ असं ओझं घेऊ नका.

लेखक भेटतात कुठे?

आपल्याकडे यासाठी तीन मोठ्या जागा आहेत. शारजात नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय पुस्तक मेळा भरतो. तो १९८२ पासून सुरू आहे. शारजातच एप्रिल-मेच्या सुमारास मुलांचा वाचन महोत्सव असतो. हे दोन्ही एक्स्पो सेंटरला भरतात. जबल अलीहून तिथे जायचं म्हणजे अख्खी दुबई ओलांडायची, म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळीच निघा. तिसरा दुबईचा साहित्य महोत्सव, हिवाळ्यात. तिथे काही कार्यक्रमांना तिकीट असतं.

लेखकाच्या कार्यक्रमात साधारणपणे आधी गप्पा होतात, मग लेखक थोडं वाचून दाखवतात आणि शेवटी प्रेक्षकांचे प्रश्न घेतात. नंतर सहीसाठी रांग लागते. सगळ्यात महत्त्वाचा भाग प्रश्नांचा. कारण पुस्तक घरी वाचता येतं, पण लेखकाला समोरासमोर विचारणं रोज जमत नाही.

चांगला प्रश्न कोणता?

“तुम्हाला गोष्टी कशा सुचतात?” हा प्रश्न लेखकाने शंभर वेळा ऐकलेला असतो. उत्तरही ठरलेलं मिळतं. जो प्रश्न पुस्तक वाचल्याशिवाय विचारताच येत नाही, तो चांगला.

दोन उदाहरणं घेऊ. ‘बोक्या सातबंडे’ आधी रेडिओसाठी लिहिलेला होता, नंतर त्याचं पुस्तक झालं. मग असं विचारता येईल : “रेडिओवर बोक्याला आवाज होता. पुस्तकात आवाज नाही. मग लिहिताना तुम्ही काय बदललंत?” माधुरी पुरंदरे आपल्या पुस्तकांतली चित्रं स्वतः काढतात. त्यांना विचारता येईल : “तुम्हाला आधी चित्र दिसतं की आधी वाक्य सुचतं?”

बघा, दोन्ही प्रश्न छोटे आहेत, पण त्यांवर लेखकाला थांबून विचार करावा लागेल.

आणि मराठीचं काय?

खरं सांगायचं तर इथल्या मेळ्यांत बरेचसे कार्यक्रम अरबी आणि इंग्रजीत असतात. मराठी लेखक क्वचितच येतात. मग आपण काय करायचं? पुस्तक उघडा. सुरुवातीच्या पानांवर प्रकाशकाचा पत्ता किंवा ईमेल असतो. तिथे लेखकासाठी चार ओळींचं पत्र पाठवा. आपला वर्ग ऑनलाइनच भरतो, तेव्हा लेखकांना पडद्यावर बोलवायचं असेल, तर पहिलं आमंत्रण तुम्हीच लिहू शकता.

हे का करायचं? तीन परीक्षक पुस्तकाला पुरस्कार देऊ शकतात, पण वाचक देऊ शकत नाहीत. पहिली आवृत्ती खपली नाही, तर प्रकाशक दुसरी छापायला कचरतो आणि हळूहळू ते पुस्तक दुकानातून नाहीसं होतं. २०१५ मध्ये दुबईहून ‘अरब वाचन आव्हान’ सुरू झालं. त्यात मुलं वर्षाला ५० अरबी पुस्तकं वाचतात. आपण वर्षाला तीन मराठी पुस्तकांपासून सुरुवात करू. जबल अलीतला एक वाचक वाढला, तरी मराठी पुस्तकाला तो हवाच आहे.

शब्दार्थ

परीक्षक – पुस्तकं तपासून निवड करणारी व्यक्ती
ताम्रपट – अक्षरं कोरलेला तांब्याचा पत्रा
आवृत्ती – एका वेळी छापलेल्या सगळ्या प्रती
खपणे – विकलं जाणे
कचरणे – मागेपुढे पाहणे, धजावत नसणे

स्वाध्याय

१. बाल साहित्य पुरस्कारासाठी किती परीक्षक असतात?
२. पुरस्काराच्या बातमीतून कोणत्या तीन गोष्टी लिहून घ्यायच्या?
३. “तुम्हाला गोष्टी कशा सुचतात?” हा प्रश्न चांगला का नाही?
४. तुम्ही वाचलेल्या एका मराठी पुस्तकाच्या लेखकाला विचारायचा एक प्रश्न लिहा. पुढच्या तासाला तो मोठ्याने वाचून दाखवा.