लोहाची गोळी आणि दुधाचा चहा



जुलै-ऑगस्टच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही तीन आठवडे इंग्लंडला मावशींकडे राहून आलो. मावशी १९७२ साली, एकोणीस वर्षांच्या असताना, परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी मॉरिशस सोडून गेल्या. त्या काळी आपल्या बेटावरून पुष्कळ मुलीमुलगे असेच इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत गेले. आपल्या बहुतेक कुटुंबांत असा एखादा तरी नातलग निघेल. मावशी आता निवृत्त आहेत. अर्धे मराठी, अर्धे क्रिओल बोलतात; रागावल्या म्हणजे मात्र सगळे इंग्रजीतून.

आमच्या बहिणीची मुलगी शिक्षणासाठी त्यांच्याच घरी राहते. वय वीस. आम्ही पोहोचलो तेव्हा पोरीचा चेहरा पिठासारखा पांढरा. जिना चढून आली की धापा टाकायची, आणि दिवसभर बर्फाचे खडे कडाकडा चावायची. आम्हांला ते तरुणपणाचे खूळ वाटले. मावशी म्हणाल्या, शरीरात लोह कमी पडले की कित्येकांना बर्फ, माती, खडू असले काहीतरी खावेसे वाटते. ते एक लक्षणच आहे. आम्ही वीस वर्षे वर्गात शिकवतो. खडू खाणाऱ्या किती मुलींना आम्ही रागे भरलो असू, हे तेव्हा मनात आल्यावाचून राहिले नाही.

रक्ततपासणी महिन्यापूर्वीच झाली होती. हिमोग्लोबिन ९२. भाचीने हा आकडा फोनवरून घरी कळवला तेव्हा तिची आई निश्चिंत झाली; शंभरपैकी ब्याण्णव म्हणजे उत्तमच, असे तिला वाटले. इंग्लंडमध्ये एका लिटर रक्तातील प्रमाण लिहितात. आमच्या घरातील जुन्या कागदांवर तेच ९.२ असे लिहिलेले असते. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२० च्या, म्हणजे आपल्या १२ च्या, खाली गेले तर रक्तक्षय समजतात. तिच्या रक्तातील फेरिटिनही अगदी खाली होते. फेरिटिनवरून शरीराच्या कोठारात किती लोह शिल्लक आहे ते कळते, आणि पोरीच्या कोठारात झाडून काढायलाही दाणा नव्हता.

डॉक्टरांनी फेरस सल्फेटची रोज एक गोळी दिली होती. २०० मिलिग्रॅमच्या या गोळीत प्रत्यक्ष लोह ६५ मिलिग्रॅम असते. भाचीने आपल्या मनाने दुकानातून व्हिटॅमिन सी च्या महाग, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्याही आणल्या होत्या. आम्ही तेथे असतानाच महिन्याची तपासणी झाली, आणि ९२ चे झाले होते ९५. रोज गोळी घेऊन दोन आठवड्यांत निदान १० ने वाढ दिसायला हवी. मावशींनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघराच्या दारात नुसत्या उभ्या राहिल्या. भाचीने पाव-लोणी घेतले, आम्हीच भेट म्हणून नेलेला व्हॅनिलाचा चहा भरपूर दूध घालून केला आणि त्या चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळली.

‘‘झालं!’’ मावशी म्हणाल्या. ‘‘ते लोह चहातच बुडालं!’’

चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते आणि आतड्याला ते शोषू देत नाही. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी ‘गट’ या ब्रिटिश नियतकालिकात हे प्रयोगाने दाखवून दिले. दुधातील कॅल्शियमही लोहाच्या आड येते, कोंड्याच्या पिठातील फायटेट तर येतेच. म्हणजे आपली सकाळची न्याहारी, जी आपण आजीपासून करत आलो, ती लोहाच्या गोळीची वैरीणच म्हणावी लागेल. चहा सोडायला मावशी सांगत नाहीत. तसे सांगितले तर बेटावर कोणी ऐकणारही नाही. गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा तास-दोन तासांनी प्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे.

मग त्या व्हिटॅमिन सी चे काय? आम्ही शिक्षक, म्हणून हा प्रश्न सोडला नाही, आणि उत्तर ऐकून थोडे चकित झालो. डाळ, ब्रेद, कडधान्ये यांतील लोह अशा रूपात असते की आतड्याला ते सहज घेता येत नाही. लिंबू, पेरू, संत्रे यांतील व्हिटॅमिन सी त्याचे रूप पालटते आणि ते विरघळलेले ठेवते. म्हणून काळ्या मसुरीवर लिंबू पिळणे, शेवग्याच्या पाल्याच्या, म्हणजे ब्रेद मुरुमच्या, भाजीबरोबर टोमॅटोची चटणी खाणे हे खरोखर उपयोगाचे आहे. फेरसच्या गोळीतील लोह मात्र आधीच त्या सोप्या रूपात असते. २०२० साली चीनमधील डॉक्टरांनी ४४० रुग्णांवर केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. निम्म्यांना नुसते लोह दिले, निम्म्यांना लोह आणि व्हिटॅमिन सी. दोन आठवड्यांनी हिमोग्लोबिन एका गटात २.०० ग्रॅमने वाढले, दुसऱ्यात १.८४ ने, हा फरक नसल्यातच जमा. गोळीनंतर ग्लासभर संत्र्याचा रस प्यायला हरकत नाही, इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवाही ते सुचवते. पण फसफसणाऱ्या गोळ्यांवर घातलेले भाचीचे पैसे वाया गेले आणि मूळ दोष चहाचा होता.

आणखी एक गैरसमज आमचाही होता. एका गोळीने गुण येत नसेल तर दोन घ्याव्यात, नाही का? मावशी म्हणतात, मुळीच नाही. लोह पोटात गेले की यकृत हेप्सिडिन नावाचा पदार्थ सोडते आणि आतड्याचे दार सुमारे दिवसभर अर्धे मिटते. दुसरी गोळी दाराबाहेरच राहते आणि पोट मात्र दुखवते. म्हणून ब्रिटिश सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने २०२१ मध्ये दिवसाला एकच गोळी पुरे असे सांगितले, आणि मळमळ किंवा बद्धकोष्ठ सोसत नसेल तर एक दिवसाआड. शौच काळे होते, त्याने घाबरू नये. लहान मुलांच्या हाती मात्र या गोळ्या कधीही लागू देऊ नयेत. रंगीत, गोडीचे आवरण असलेल्या गोळ्या मुलांना मिठाई वाटतात, आणि लोह जास्त झाले तर लहान मूल दगावते. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात जवळजवळ नाहीच. ही गोष्ट मॅकॅन्स आणि एल्सी विडोसन या इंग्लंडमधील दोघा संशोधकांनी १९३७ साली पुढे आणली.

मावशींच्या फडताळात मार्माइटची काळी बाटली असते. पावाला लावायचे ते खारट यीस्टचे सार आम्हांला काही आवडले नाही. पण मावशींनी सांगितले की या बाटलीचे नाते मुंबईशी आहे. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईला गेली. तेथे गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बाया रक्तक्षयाने खंगत होत्या, मरत होत्या, आणि त्याचे कारण उमगत नव्हते. विल्सने शोधत शोधत यीस्टचे सार देऊन पाहिले आणि १९३१ मध्ये ते गुणकारी असल्याचे जाहीर केले. त्या सारातील गुणकारी पदार्थ म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलिक अ‍ॅसिड. हा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नव्हे, हे लक्षात घ्यावे. कोकणातून निघालेले आपले पूर्वज जहाजाने इकडे आले, आणि त्याच कोकणातील दुसरी माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्यामुळे ही हकीकत ऐकताना आम्हांला ती परक्याची वाटली नाही. ब्रिटनमध्ये पिठात फोलिक अ‍ॅसिड मिसळणे सक्तीचे करणारा नियम २०२४ मध्ये झाला. लोह तर तेथील पांढऱ्या पिठात १९५० च्या दशकापासूनच घालतात.

रक्तक्षय म्हटला की लोहच, असे धरून चालू नये, हे मावशी पुन्हा पुन्हा सांगत होत्या. आपल्या भारतीय वंशाच्या लोकांत थॅलसेमियाचा अंश असलेली माणसे असतात. त्यांच्या रक्तपेशीही लहान दिसतात आणि हिमोग्लोबिन किंचित कमी राहते. फेरिटिन चांगले असेल तर अशांना वर्षानुवर्षे लोह देऊन काही साधत नाही. म्हणून गोळीआधी तपासणी, आणि तपासणीनंतर ‘हे लोह गेले कुठे?’ हा प्रश्न.

भाचीच्या बाबतीत उत्तर सोपे होते. मावशींनी जेवणाच्या टेबलावर, काका समोर बसलेले असताना, तिला सरळ विचारले, ‘‘पाळीला किती दिवस जातात? रात्री उठावं लागतं का?’’ आठ दिवस. उठावे लागते. चौदाव्या वर्षापासून. आम्ही खाली पाहू लागलो, कारण आपल्या घरांत हे शब्द पुरुषांपुढे उच्चारत नाहीत. पोरीच्या आईलाही ते सहा वर्षांत ठाऊक नव्हते. आता त्यावरही उपचार चालू आहेत.

टेबलावरून उठताना काका हळूच म्हणाले, ‘‘मला कोणी विचारलं नव्हतं.’’

ती कहाणी मावशींनी दुसऱ्या दिवशी सांगितली. २०१९ मध्ये काका सहासष्ट वर्षांचे होते. थकवा यायचा. दुकानातून लोहाचे टॉनिक आणून सात महिने प्यायले. वय झाले, असे दोघांनीही धरले. टॉनिकने थोडे बरे वाटायचे, हीच खरी फसवणूक. पुढे गुडघ्याच्या कामासाठी रक्त तपासले, तेव्हा डॉक्टरांनी आकडा पाहताच गुडघा बाजूला ठेवला आणि आतड्याची तपासणी आधी लावली. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ होती. तेथून थोडे थोडे रक्त जात होते, डोळ्यांना न दिसणारे. पुरुष आणि पाळी थांबलेल्या स्त्रिया यांच्यात लोह कमी आढळले तर आतून कोठे रक्त जाते आहे का ते शोधायचेच, असा तेथील डॉक्टरांचा दंडक आहे. शस्त्रक्रिया झाली, काका वाचले. ‘‘चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नाड्या पाहिल्या,’’ मावशी म्हणाल्या, ‘‘आणि घरातल्या बाटलीवरचं लेबल वाचलं नाही.’’

आम्ही परत आल्यावर येथील आमच्या थोरल्या काकांच्या कपाटात पाहिले. टॉनिकच्या दोन बाटल्या होत्या, एक अर्धी रिकामी. त्यांचे वय एकाहत्तर. पुष्कळ कुरकुर केली, पण मंगळवारी रक्त देऊन आले.

भाचीचा फोन गेल्या रविवारी आला. हिमोग्लोबिन ११९ झाले आहे, बर्फ सुटला आहे. आता गोळ्या बंद करू का, असे ती मावशींना विचारत होती. आकडा पुरता सुधारला तरी कोठार भरायला आणखी तीन महिने लागतात, असे मावशींनी तिला इंग्रजीतून सांगितले.