शहाणे घर आणि घराचा पडदा

जूनचा दुसरा आठवडा उजाडला की खंडाळ्यात धुके थेट घरात शिरते. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारा हा घाटमाथा, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, जानमाज दमट राहतो, किताबांची पाने फुगतात. पहिल्याच वादळात कुठेतरी झाड तारेवर पडते आणि दिवे जातात. गंमत अशी की मुंबईचे दिवे ज्या पाण्यावर लागले ते पाणी इथलेच. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचे पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली सुमारे ५०० मीटर उतरवायचे आणि खोपोलीला वीज करायची, हे काम टाटांनी १९११ साली हाती घेतले. १९१५ साली ती वीज मुंबईला पोचली. शंभर वर्षे उलटून गेली तरी खंडाळ्यातल्या घरात मेणबत्ती हाताशी ठेवावीच लागते.

अशा ठिकाणी ज्यांचे घर आहे, त्यातही जे मुंबई-पुण्याला राहतात आणि महिन्यातून दोनदा इथे येतात, त्यांची काळजी नेहमीचीच असते. टाकी वाहून गेली असेल का? गिझर चालू राहिला असेल का? गच्चीचे पाणी खोलीत तर आले नसेल ना? या काळजीतून अनेक घरांत एक छंद मूळ धरतो आहे. स्विच, पंप, दिवे, पाण्याची टाकी हे सगळे वाय-फायने जोडायचे आणि घराला आपले आपण चालायला शिकवायचे. जाहिरातीतले ‘स्मार्ट होम’ लाखो रुपयांचे असते. छंदिष्टांचे काही शेकड्यांपासून सुरू होते. घरातला बारावीचा मुलगा किंवा निवृत्त झालेले चाचा, दोघांनाही ते जमते.

याची किल्ली म्हणजे ईएसपी८२६६ नावाची चिप. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१४च्या सुमारास बाजारात आली आणि वाय-फायवरून स्विच चालू-बंद करणे शंभर-दोनशे रुपयांच्या आवाक्यात आले. त्याच्या आधी, २०१३ साली, पाउलुस स्खाउटसेन या डच तरुणाने ‘होम असिस्टंट’ नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला होता. तो मोफत आहे, त्याचा सगळा कोड कुणालाही वाचता येतो, आणि तो पत्त्याच्या डब्याएवढ्या रास्पबेरी पाय संगणकावर किंवा जुन्या लॅपटॉपवरही चालतो. घरातल्या सगळ्या वस्तू त्याला येऊन सांगतात आणि तो ठरवतो. टाकी भरली, मोटार बंद. हवेतला दमटपणा वाढला, कपाटाच्या खोलीतला पंखा चालू. जमिनीवर ठेवलेल्या सेन्सरला पाणी लागले, मालकाच्या फोनवर निरोप.

महाराष्ट्राला हे सारे नवे आहे असे मला वाटत नाही. आपल्या शेतकऱ्याने पंपाला ‘ऑटो’ बसवला तेव्हाच त्याची सुरुवात झाली. वीज रात्री दोनला येणार, तर उठून शेतात कोण जाणार? वीज आली की मोटार आपोआप सुरू. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी तर आजोबांना पंपासाठी रात्री-अपरात्री शेतात जावे लागते हे पाहून मोबाईल फोनवरून पंप चालवणारे ‘नॅनो गणेश’ हे यंत्र तयार केले, आणि २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत ते पहिले आले. साप, चिखल, अंधार यांतून माणसाचा पाय वाचवणे हा त्यामागचा हेतू होता. चांगल्या यंत्रामागे बहुधा असेच काहीतरी असते.

आपल्या इतिहासातही याला जुनी मुळे आहेत. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा या तीन भावांनी ‘किताबुल हियल’मध्ये शंभरएक यंत्रे वर्णन केली. त्यात वात आपोआप वर सरकणारा दिवाही आहे. पुढे १२०६ साली अल-जजरी यांनी आपला ग्रंथ पुरा केला. ते आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकीरच्या अर्तुकी दरबारात होते. बादशहाला वुजूच्या वेळी दुसऱ्या कुणी हातावर पाणी ओतलेले आवडत नसे, म्हणून त्यांनी पाणी स्वतः ओतणारे यंत्र घडवले, मोराच्या रूपात. सेवक समोर उभा राहू नये आणि काम व्हावे. ही इच्छा पुढे आपल्या विषयात परत येणार आहे.

मुस्लिम घरातला छंदिष्ट सहसा नमाजच्या वेळांपासून सुरुवात करतो. होम असिस्टंटमध्ये त्याची सोय आहे. खंडाळ्याचा अक्षांश १८.७५ आणि रेखांश ७३.३७ भरायचा, हिशेबाची पद्धत निवडायची आणि असरसाठी शाफई की हनफी ते सांगायचे. हा प्रश्न इथे किरकोळ नाही. कोकणी घरे बहुतेक शाफई, घाटावरची बहुतेक हनफी. दोन्ही असरमध्ये ऋतूप्रमाणे पाऊण तासापासून सव्वा तासापर्यंत अंतर पडते. सासर-माहेर वेगळे असेल तर आधी घरात विचारून घ्यावे! मग फजरच्या आधी गॅलरीतला मंद दिवा लागतो, वुजूसाठी गिझर वीस मिनिटे चालतो आणि आपोआप बंद होतो. दोन हजार वॉटचा गिझर तासाला दोन युनिट खातो, आणि विसरून चालू राहिलेला गिझर म्हणजे निव्वळ इसराफ.

मगरिबच्या बाबतीत मात्र सावध राहावे. रेखांशाच्या हिशेबाने खंडाळ्यात सूर्य मुंबईपेक्षा साधारण दोन मिनिटे आधी मावळायला हवा. पण घाटाच्या कड्यावर उभे राहिले तर पश्चिमेला सगळे कोकण खाली पसरलेले असते, आणि त्या उंचीवरून सूर्य दोन-चार मिनिटे जास्त दिसतो. साधा हिशेब समुद्रसपाटीचा असतो, त्याला कडा ठाऊक नाही. म्हणून इफ्तारची वेळ यंत्रावर सोडू नये. जवळच्या मशिदीचे वेळापत्रक घ्यावे आणि तेवढी मिनिटे यंत्रात वाढवावीत. स्पीकरवर लावलेली रेकॉर्ड केलेली अजान ही आठवण करून देण्यापुरती. अजान देणारा माणूसच असतो, हे मुलांनाही सांगावे.

छंदिष्टांचे सर्वांत आवडते बटण म्हणजे झोपतानाचे. ते दाबले की सगळे दिवे मालवतात, दार लागले आहे का ते तपासले जाते, गॅसजवळचा सेन्सर जागा आहे याची खात्री होते. बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत प्रेषितांचा (स.) उपदेश आहे की झोपताना दिवे मालवा, दारे लावा, खाण्यापिण्याची भांडी झाका, कारणही दिले आहे की उंदीर वात ओढून नेतो आणि घर पेटते. आजची वात म्हणजे तापलेला चार्जर आणि विसरलेली इस्त्री. भांडी झाकण्याचे काम तेवढे अजून कुठल्या यंत्राने घेतलेले नाही.

आता पडद्याविषयी. माझ्या मते या छंदातला खरा प्रश्न हाच आहे, पैशाचा नाही आणि तंत्राचाही नाही.

सूरह नूरच्या २७व्या आयतीत दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नये असा हुकूम आहे. बुखारीत एक प्रसंग आहे. एक जण प्रेषितांच्या (स.) घराच्या दाराच्या फटीतून आत डोकावत होता. त्याला कडक शब्दांत सुनावण्यात आले, आणि समजावले गेले की परवानगी मागण्याचा नियम नजरेसाठीच आहे. दाराची फट आज भिंतीवर बसते आणि तिला आपण दोन हजार रुपये मोजतो.

आत कोण पाहते? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३मध्ये ॲमेझॉनच्या ‘रिंग’ कॅमेरा कंपनीवर कारवाई केली. तक्रारीत म्हटले होते की कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने २०१७ साली कित्येक महिने महिला ग्राहकांच्या खासगी खोल्यांतले हजारो व्हिडिओ पाहिले. कंपनीला ५८ लाख डॉलर द्यावे लागले. त्याच महिन्यात ‘ॲलेक्सा’ने लहान मुलांचे आवाज साठवून ठेवल्याबद्दल अडीच कोटी डॉलरचा दंड ठरला. हे दूरचे वाटत असेल तर आपल्या खिशातले पाहू. नोव्हेंबर २०२०मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी प्रकाशनाने उघड केले की ‘मुस्लिम प्रो’ या नमाज-किब्ल्याच्या ॲपमधून वापरणाऱ्यांचे ठिकाण एक्स-मोड नावाच्या दलालाकडे जात होते आणि तिथून ते अमेरिकी लष्करापर्यंत पोचत होते. तोवर हे ॲप साडेनऊ कोटींहून अधिक वेळा उतरवले गेले होते. बातमीनंतर ॲपवाल्यांनी तो व्यवहार बंद केला. किब्ला शोधताना आपण कुठे उभे आहोत हे तिसऱ्यालाच कळत होते.

म्हणून छंदिष्टांमधले जाणते लोक एका गोष्टीचा हट्ट धरतात. घराची माहिती घरातच राहावी. बाजारातला तयार स्विच बटण दाबल्याचा निरोप बऱ्याचदा परदेशातल्या संगणकाला पाठवतो, तिथून तो परत येतो आणि मग दिवा लागतो. दोन हातांवरचा दिवा लावायला एवढा प्रवास. काही जण अशा स्विचमधला मूळ प्रोग्राम पुसून ‘टास्मोटा’सारखा मोफत प्रोग्राम घालतात, किंवा इंटरनेट न लागणारी ‘झिगबी’ची उपकरणे घेतात. मग सगळा कारभार घरातल्या छोट्या डब्यात चालतो. खंडाळ्यात याचा दुसराही लाभ आहे. पावसात इंटरनेट तुटले तरी इन्व्हर्टरवर घर चालू राहते. एप्रिल २०२२मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीने काहीही न सांगता आपले संगणक बंद केले आणि हजारो घरांतली ॲप मुकी झाली. ज्यांनी होम असिस्टंट घरात ठेवले होते त्यांचे दिवे लागत राहिले.

कॅमेऱ्याबद्दल सूरह नूरचीच ५८वी आयत आठवावी. तीन वेळा अशा सांगितल्या आहेत की घरातल्या लहान मुलांनी आणि सेवकांनीही परवानगीशिवाय आत येऊ नये: फजरच्या आधी, दुपारी कपडे उतरवून विश्रांती घेताना आणि इशाच्या नंतर. नमाजच्या वेळा घराला कळतातच, तर या तीन वेळांना आतल्या कॅमेऱ्याची वीजच तोडणारा नियम पाच मिनिटांत लिहिता येतो. ॲपमधले ‘बंद’ बटण नको, प्लगच बंद. त्याहून बरे म्हणजे आत कॅमेरा बसवूच नये. दारावर, गेटवर, टाकीजवळ असावा. आजारी वडीलधाऱ्यांची काळजी असेल तर दार उघडल्याची खूण करणारा किंवा हालचाल ओळखणारा सेन्सर पुरतो. तो चित्र काढत नाही.

आणि राखणदार? खंडाळा-लोणावळ्याच्या बंगल्यांत मागच्या खोलीत एखादे कुटुंब राहते. नवरा बाग पाहतो, बायको घर झाडते, मुले तिथेच वाढतात. मालक मुंबईत बसून फोनवर त्यांचे अंगण पाहतो, आणि त्यांना ते सांगितलेलेही नसते. घर मालकाचे खरे, पण ती खोली त्या कुटुंबाचे घर आहे, आणि सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीतली हेरगिरीची मनाई पगार देणाऱ्याला सुटलेली नाही. कॅमेरा कुठे आहे, काय दिसते, हे त्या बाईला समोर बसवून दाखवावे. ती नको म्हणाली तर तोंड फिरवावे कॅमेऱ्याचे. सुट्टीत बंगला भाड्याने देणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की कुणाचे न्हाणीघरातले किंवा कपडे बदलतानाचे चित्र चोरून घेणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा.

तारांचे थोडे. छंद कितीही असो, बोर्ड उघडताना मेन स्विच बंद आणि शेजारी परवानाधारक वायरमन. जुन्या घरांत बोर्डात न्यूट्रल नसते, आणि त्याशिवाय बरेचसे स्विच चालतच नाहीत. ते आधी पाहावे. दोन हजार वॉटचा गिझर नऊ अँपिअर ओढतो, तीन हजारांचा तेरा. स्वस्त मॉड्यूलवरचा दहा अँपिअरचा रिले त्याला लावला तर घाटातल्या दमट हवेत तो वितळायला वेळ लागत नाही. तिथे कॉन्टॅक्टरच हवा. शॉक जीवघेणा ठरण्याआधी वीज तोडणारा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असावा. आणि भिंतीवरचे साधे बटण कायम चालू राहिले पाहिजे. दादीअम्मीला दिवा लावायला फोन शोधावा लागला तर ते घर कसले शहाणे?

पावसाळ्याआधी, मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी मगरिबनंतर, एक परीक्षा घेता येते. घरातला राउटर बंद करायचा आणि घरभर फिरायचे. कोणते दिवे लागतात, मोटार थांबते का, दार उघडते का ते पाहायचे. जे जे बंद पडले ते कागदावर लिहून काढायचे, त्याच्यासमोर ते कोणत्या कंपनीचे आहे तेही लिहायचे, आणि जुलै येण्याआधी एकेक करून ते घराच्या आत आणायचे.