काडतुसांच्या जागी चॉकलेट!

युद्धाच्या कथा घरात बसून ऐकायला गोड लागतात. रणांगणावरच्या उपाशी शिपायाला मात्र पराक्रमाआधी पोट आठवते. हे सत्य हसत-हसत सांगणारे नाटक म्हणजे जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे ‘आर्म्स अँड द मॅन’. २१ एप्रिल १८९४ रोजी लंडनच्या अव्हेन्यू थिएटरात त्याचा पहिला प्रयोग झाला.

नाटक घडते बल्गेरियात. नोव्हेंबर १८८५ मध्ये सर्बियाने बल्गेरियावर हल्ला केला आणि स्लिव्हनित्सा येथे मार खाल्ला. या खऱ्या युद्धाची पार्श्वभूमी शॉ यांनी आपल्या कथेला दिली. पराभूत सैन्यातला ब्लंट्श्ली हा पगारी स्विस अधिकारी जीव वाचवण्यासाठी रात्री रायना या श्रीमंत मुलीच्या खोलीत शिरतो. पिस्तूल रिकामे, पोट रिकामे. काडतुसांपेक्षा चॉकलेट बाळगणे बरे, असे त्याचे अनुभवाचे बोल! रायनाचा नियोजित वर सर्जियस घोडदळ घेऊन थेट मशीनगनवर धावून गेला होता. त्यामुळे रायना त्याला देव मानते. ब्लंट्श्ली खरे काय ते सांगतो : सर्बियनांकडे भलताच दारूगोळा आला होता, म्हणून तो वीर वाचला!

प्रेमाचेही तेच. रायनापुढे उच्च प्रेमाची भाषा बोलणारा सर्जियस तिची पाठ वळताच लुका या मोलकरणीचा हात धरतो.

आमच्या मते नाटकातले खरे धैर्य या लुकाजवळ आहे. घरातला नोकर निकोला तिला पायरी ओळखून वागायला शिकवतो. लुका ते मानत नाही. ती सर्जियसला थेट विचारते : गरिबाची मुले लढाईत श्रीमंतांपेक्षा कमी शूर होती का? तो कबूल करतो, मुळीच नाही. मग आपली आवड असलेल्या गरीब मुलीशी चारचौघांत लग्न करण्याचे धाडस तुझ्यात आहे का, हाच पुढचा सवाल. शेवटी सर्वांसमक्ष सर्जियसला तिचा हात धरावा लागतो.

तलवार उपसणारे पुष्कळ असतात. जगाच्या हसण्याला न भिता माणसाला माणूस मानणारे थोडे. आपल्या मुला-मुलींना शौर्याच्या गोष्टी जरूर सांगाव्यात, पण लुकाचा हा प्रश्नही त्यांच्या कानावर घालावा.