पाटी बदलली, पण रक्तदाब उतरला का?



लष्करात एक शब्द सगळ्यांना ठाऊक असतो: गेरू-चुना. वरिष्ठ तपासणीला येणार म्हटले की झाडांच्या बुंध्यांना, रस्त्याकडेच्या विटांना रंग लागायचा. युनिटची खरी तयारी मात्र फायरिंग रेंजवरच कळायची. प्राथमिक आरोग्यसेवेतल्या सुधारणा तपासताना हीच अडचण येते.

आयुष्मान भारतचे पहिले हेल्थ अँड वेलनेस सेंटर १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात, जांगला इथे सुरू झाले. उद्दिष्ट होते देशभरात दीड लाख केंद्रांचे. आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. बाळंतपण आणि लसीकरणाबरोबर रक्तदाब, मधुमेहाचे उपचारही गावाजवळ मिळावेत, हा हेतू. तो साधला का, हे ओळखायचे कसे?

पहिली अडचण अशी की, जे मोजायला सोपे तेच मोजले जाते. आमच्या पलटणीतल्या एका दिवंगत हवालदाराच्या पत्नी मला म्हणाल्या, "साहेब, गोळ्या दहाच दिवसांच्या देतात. महिन्यातून तीनदा यावं लागतं." रजिस्टरमध्ये त्यांच्या तीन भेटी लागतात, केंद्राची रुग्णसंख्या फुगते. वहिनींची तीन दिवसांची मजुरी बुडते, तिला मात्र रकाना नाही.

दुसरी अडचण श्रेयाची. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये दवाखान्यात होणारी बाळंतपणे सुमारे ३९ टक्के होती, ती २०१५-१६ मध्ये ७९ टक्क्यांवर गेली. पण त्याच दशकात आशाताई आल्या, रुग्णवाहिका आल्या, रस्ते झाले, मुली शिकल्या. मग यश नेमके कुणाचे? योजना सगळीकडे लागू झाली की तुलनेसाठी वेगळे गाव उरत नाही. शिवाय दवाखान्यात झालेले प्रत्येक बाळंतपण सुरक्षित होतेच असेही नाही.

तिसरी अडचण वेळेची. रक्तदाब आटोक्यात ठेवला तर पक्षाघात टळतो, पण तो फायदा दिसायला वर्षे लागतात. तोवर अधिकारी बदलतो, अहवालाचा नमुना बदलतो. सुरुवातीची स्थिती कुणी नोंदवलीच नसेल, तर नंतरचा आकडा कशाशी ताडायचा?

मार्ग आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरुवातीला महाराष्ट्र, केरळ, पंजाब, मध्य प्रदेश आणि तेलंगणात राबवला गेला. तिथे प्रश्न साधा ठेवला: नोंदवलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आला? जे यायचे थांबले, त्यांचाही हिशेब ठेवायचा. हीच आपली फायरिंग रेंज.

तुम्ही इंदूरजवळ असा, बेळगावजवळ किंवा बडोद्याजवळ, जवळच्या केंद्रात जाऊन तीन गोष्टी विचारा. गोळ्या किती दिवसांच्या मिळतात? रक्तदाब किती जणांचा आटोक्यात आहे? जे येईनासे झाले, त्यांच्या घरी कुणी गेले का? भिंतीचा रंग नंतर पाहू.

जय हिंद!