‘मुदत संपली आहे’ : नेटवर्कवरील छपाई आणि सुरक्षा प्रमाणपत्र

प्रस्तावना

कार्यालयीन मराठीतील पत्रे, टिपण्या व परिपत्रके यांची छपाई आज बहुधा नेटवर्कवरील सामायिक प्रिंटरवर होते. अशा वेळी पडद्यावर कधी कधी ‘सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली आहे’ असा संदेश येतो आणि छपाई थांबते. या उपघटकात आपण या संदेशाचा नेमका अर्थ आणि त्यावरील उपाय पाहणार आहोत.

१. प्रमाणपत्राचे स्वरूप

नेटवर्कवरून जाणारा मजकूर वाटेत कोणी वाचू नये म्हणून तो सांकेतिक रूपात पाठवला जातो. तो योग्य प्रिंटरकडेच जात आहे, याचीही खात्री लागते. ही खात्री देणारा डिजिटल दस्तऐवज म्हणजे प्रमाणपत्र. त्यात प्रिंटरचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, प्रमाणपत्र देणाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी आणि वैधतेच्या आरंभाची व अखेरीची अशा दोन तारखा असतात. काल नीट चालणारा प्रिंटर आज नाकारला जातो तो या अखेरच्या तारखेमुळे. यंत्र बिघडलेले नसते.

२. संदेशाचे वाचन

‘मुदत संपली’, ‘नाव जुळत नाही’ आणि ‘देणारा विश्वासार्ह नाही’ हे तीन वेगळे संदेश आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. आपण त्या सर्वांना ‘प्रमाणपत्राची अडचण’ म्हणतो, तेथेच चूक सुरू होते.

भाषाविज्ञानात ‘आज’ हा दर्शक शब्द मानतात. त्याचा अर्थ बोलण्याच्या क्षणावरून ठरतो. ‘मुदत संपली’ या विधानातही एक ‘आज’ दडलेला आहे आणि तो संगणकाच्या घड्याळाचा आहे. घड्याळ पुढे गेले असेल, तर वैध प्रमाणपत्रही संपलेले दिसते. ते मागे पडले असेल, तर ‘प्रमाणपत्र अद्याप लागू झालेले नाही’ असा संदेश येतो.

प्रमाणपत्र देणाऱ्याच्या स्वतःच्या प्रमाणपत्रालाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. तेव्हा संकेतस्थळांची स्वतःची प्रमाणपत्रे वैध असूनही अनेक जुनी उपकरणे ती नाकारू लागली.

३. उपाययोजना

(अ) प्रथम संगणक व प्रिंटर या दोहोंची तारीख आणि वेळ तपासावी.

(आ) प्रिंटरचा नेटवर्क-पत्ता ब्राउझरमध्ये टाकून त्याचे सेटिंगचे पान उघडावे. ब्राउझरने दाखवलेल्या प्रमाणपत्रातील नाव व दोन्ही तारखा वाचाव्यात.

(इ) मुदत खरोखर संपली असल्यास सुरक्षा विभागातून नवे प्रमाणपत्र तयार करावे व प्रिंटर पुन्हा सुरू करावा. प्रमाणपत्र संस्थेने दिलेले असल्यास नेटवर्क-व्यवस्थापकाकडे नूतनीकरणाची मागणी करावी.

(ई) लिनक्समधील ‘कप्स’ ही छपाई-यंत्रणा असल्यास व्यवस्थापकाने जुन्या प्रमाणपत्राची फाइल बाजूला काढून सेवा पुन्हा सुरू करावी. सामान्यतः नवे प्रमाणपत्र आपोआप तयार होते.

(उ) तरीही संदेश येत राहिल्यास संगणकातून तो प्रिंटर काढून पुन्हा जोडावा, कारण जुन्या प्रमाणपत्राची प्रत संगणकात राहिलेली असू शकते.

प्रिंटरने स्वतःच तयार केलेल्या नव्या प्रमाणपत्राबाबत ‘देणारा विश्वासार्ह नाही’ असा संदेश येऊ शकतो. हा आधीचाच दोष नव्हे. अशा वेळी व्यवस्थापकाकडून खात्री करूनच ते स्वीकारावे.

४. एक दक्षता

घाईत ‘तरीही पुढे जा’ निवडणे किंवा सुरक्षित जोडणीच बंद करणे सोपे असते. परंतु प्रश्नपत्रिका, वेतनपत्रक, वैद्यकीय अहवाल हेही त्याच वाटेने जातात. जोडणी उघडी राहिली, तर नेटवर्कवरील तिऱ्हाइतास ते वाचता येऊ शकतात. शिवाय न वाचता होकार देण्याची सवय जडली, की खरा धोका सांगणारा संदेशही नजरेआड होतो.

सारांश

मुदत संपल्याचा संदेश तारखेविषयी बोलतो, यंत्राच्या बिघाडाविषयी नव्हे. म्हणून आधी घड्याळ, मग प्रमाणपत्र, मग नूतनीकरण हा क्रम पाळावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘मुदत संपली’ आणि ‘अद्याप लागू नाही’ या संदेशांतील भेद स्पष्ट करा.

२. आपल्या कार्यालयातील सहकाऱ्यांसाठी वरील उपायांची सूचना सोप्या मराठीत पाच वाक्यांत लिहा.